शिसं जाड केलं की झालं?
हातात धरायच्या किरणोत्सार-मापकाभोवती नको असलेले किरण अडवायला जितकं जाड शिसं, तितकं मोजमाप चोख, हा जुना समज चुकीचा आहे. गॅमा किरण आदळले की शिसं स्वतःच साधारण ७३ ते ८७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं आणि ते मापकात शिरतात. म्हणून ते शोषायला आतून कथिलाचा, त्याच्याही आत तांब्याचा पातळ थर देतात. न्यूट्रॉन अडवायला तर पॉलिथिनसारखा हायड्रोजनयुक्त पदार्थच हवा. शिवाय वजन! दहा सेंटिमीटर बाजूचा शिशाचा ठोकळा अकरा किलोंहून जड. तो घेऊन दिवसभर फिरायचं कुणी? त्यामुळे कोणता थर किती मिलिमीटर, हे आधी संगणकावर माँटे कार्लो पद्धतीनं, लाखो कणांचा प्रवास एकेक करून तपासून ठरवतात. मग ज्ञात स्रोतासमोर मापक ठेवून ताळा घेतात. तो टाळता येत नाही.