टाइम सिंक (लिनक्स)

नेटवर्कमधल्या संगणकांची घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळती ठेवण्याची व्यवस्था. त्यासाठीचा एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) हा संगणकांनी वेळ विचारण्या-सांगण्याचा नियमसंच डेव्हिड मिल्स यांचा. त्याचा पहिला आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १९८५चा, चौथ्या आवृत्तीचा २०१०चा. लिनक्सवर हे काम बहुधा क्रोनी हा प्रोग्राम करतो. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते. ही वेळ ८२.५° पूर्व रेखांशाची असल्याने सांगलीचा सूर्य तिच्या सुमारे ३२ मिनिटे मागे चालतो. सर्व्हरला मात्र सूर्याशी देणेघेणे नसते.

बिघाड शोधताना आधी फरक किती ते पाहावे. बहुतेक वेळा आकडाच कारण सांगतो. बरोबर साडेपाच तास फरक असला तर घड्याळ बिघडलेले नसते. बहुधा त्याच मशीनवर विंडोजही असते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वर साडेपाच तास चढवते.

फरक वर्षांचा असला तर मशीन बंद असताना मदरबोर्डचे घड्याळ चालवणारा सेल बघावा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या पेढीवर जुना डेस्कटॉपच सर्व्हर म्हणून लावलेला असतो. रात्री वीज जाते, यूपीएस उतरतो, आणि तो सीआर२०३२ बटण-सेल संपलेला असेल तर सकाळी मशीन कुठल्यातरी जुन्याच तारखेला उठते. मग ब्राउझर वेबसाइटचे ‘सर्टिफिकेट अजून लागू नाही’ म्हणून अडून बसतो आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात.

रोज सेकंद-दोन सेकंद घसरत असेल तर घड्याळाला ठोके देणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाला दोष देऊ नये. दशलक्षात २० भागांची चूक दिवसाला १.७ सेकंद होते, आणि स्वस्त स्फटिकाकडून तेवढी धरूनच चालावे. सिंक बंद का पडले, हा खरा प्रश्न. ‘क्रोनीसी सोर्सेस’ आज्ञा देऊन ‘रीच’चा (वेळ देणाऱ्या सर्व्हरकडून उत्तरे आली का, याचा) रकाना वाचावा. तिथे ३७७ हा अष्टमान आकडा म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आले. ० असेल तर बहुधा फायरवॉलने यूडीपी १२३ पोर्ट अडवलेला असतो.

क्रोनी चालू असूनही मोठा फरक तासन्तास रेंगाळतो, कारण तो घड्याळ हळूहळू सरकवतो. क्रोनीच्या ‘मेकस्टेप’ आज्ञेने एका झटक्यात जुळवता येते. पण घड्याळ पुढे गेलेले असेल, तर आधी हिशेबाचा डेटाबेस थांबवावा. नाहीतर घड्याळ मागे आल्याने नंतर झालेल्या सौद्याच्या पट्टीवर आधीच्या पट्टीपेक्षा आधीची वेळ पडते.