खुराक पोटात जातोय, पण हाडात जातोय का?

कोल्हापुरात कुणी काहीही पाळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतोय, "खातंय काय?" म्हैस असू दे, कुत्रं असू दे, नाहीतर आता पोरं पाळायला लागलीत तो बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा असू दे. दुसरा प्रश्न, "किती खातंय?" तालमीचं गाव आपलं, खुराक म्हटलं की दूध किती, बदाम किती, तूप किती हे आपल्याला तोंडपाठ. पण बदाम-तूप हाणून जोर-बैठका न मारणाऱ्या पोराचं जे होतं तेच या ड्रॅगनच्या पिल्लाचं होतंय. खाल्लेलं पोटात जातं, पण अंगी लागत नाही. त्याला अंगी लागायला दोन गोष्टी लागतात, ऊब आणि अल्ट्राव्हायोलेट किरणं, आणि बहुतेक माणसं किडे शोधण्यातच एवढी दमतात की या दोन गोष्टींकडं लक्षच जात नाही.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा शेपटी धरून साधारण १० सेंटिमीटर, वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम. वर्ष-दीड वर्षात तोच दीड-दोन फूट होतो आणि वजन तीन-चारशे ग्रॅमच्या घरात जातं. म्हणजे सगळा सांगाडा या थोड्या महिन्यांत उभा राहतो, आणि म्हणून लहानपणीचं खाणं चुकलं तर ते पुढं भरून काढता येत नाही, वाकलेलं हाड वाकलेलंच राहतं.

पिल्लाला प्रोटीन जास्त लागतं, त्यामुळं ढोबळ हिशोब असा की पहिल्या काही महिन्यांत ७० ते ८० टक्के किडे आणि उरलेला पाला, आणि मोठं झाल्यावर हे प्रमाण उलटं करायचं. अगदी लहान असताना दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी १०-१५ मिनिटांत जेवढं खाईल तेवढं, आणि चार-पाच महिन्यांनंतर हळूहळू वेळा कमी. किड्याचा आकार किती? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठा नको. हा नियम जगभर सगळे पाळणारे सांगतात आणि तो पाळायलाच पाहिजे, कारण हे प्राणी चावत बसत नाहीत, दोन वेळा जबडा आपटला की गिळून मोकळे. मोठा किडा नीट पचत नाही, कधी कधी अडकतोच.

रातकिडे आणि डुबिया झुरळं हा रोजचा माल. डुबिया म्हणजे मोरीतलं झुरळ नव्हे बरं का, ती वेगळी, दक्षिण अमेरिकेतली जात, खास वाढवलेली, गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही तिला, त्यामुळं घरचे पण जरा कमी ओरडतात. रेशमाच्या अळ्या मऊ असतात, पचायला हलक्या, कुणी तुती लावून रेशीम करणारा ओळखीचा शेतकरी असेल तर त्याला विचारून बघा, फक्त तुतीवर फवारा मारलेला नको. मीलवर्मचं कवच कडक आणि चरबी जास्त, म्हणून ते अगदी लहान पिल्लाला नकोच, मोठं झाल्यावर कधीतरी खाऊ म्हणून ठीक.

आता खरी गोम. बहुतेक किड्यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. सरड्याला पाहिजे उलटं, कॅल्शियम साधारण दोन भाग तर फॉस्फरस एक भाग. नुसते रातकिडे खाऊन पिल्लू गुटगुटीत दिसेल, पण रक्तातलं कॅल्शियम कमी पडायला लागलं की मानेतल्या पॅराथायरॉईड ग्रंथी कामाला लागतात, आणि त्यांचा मुख्य उपाय म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणायचं. रक्तात कॅल्शियम नसलं तर हृदय आणि स्नायू चालत नाहीत, म्हणून शरीर हाडं विकून घर चालवतंय. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात, पिल्लाला पोट उचलून चालता येत नाही. याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. बोटं थरथरायला लागलेली दिसली तर मग घरगुती काही करत बसू नका, सरळ सरीसृपांचं काम करणारा डॉक्टर गाठा, आणि असा डॉक्टर आपल्या भागात कोण आहे हे पिल्लू आणायच्या आधीच शोधून ठेवा.

म्हणून किड्यांना पावडर लावतात. पद्धत साधी आहे, डब्यात नाहीतर पिशवीत चार रातकिडे, त्यावर चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पावडर, हलकं हलवायचं, आणि पांढरे झालेले किडे लगेच पिल्लापुढं. लगेच म्हणजे खरंच लगेच. रातकिडा नीट बघितलात तर दिसेल, मोकळा झाला की तो मिशा तोंडातून ओढून ओढून साफ करतो, पायाने पाय घासतो, आणि थोड्या वेळात अर्धी पावडर खाली सांडलेली असते. तुम्ही म्हणणार रोज कॅल्शियम देतोय, आणि पिल्लाच्या पोटात मात्र साधा किडाच. शिवाय जे किडे उरतील ते रात्री काढून घ्या, नाहीतर झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि शेपटीचं टोक कुरतडतात. वाढत्या पिल्लाला दिवसातल्या एका जेवणाला कॅल्शियम, आठवड्यातले बहुतेक दिवस, आणि मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एक-दोनदा, एवढं पुरतं. मल्टिव्हिटॅमिन जास्त झालं तर व्हिटॅमिन ए आणि डी३ अंगात साठून उलट त्रास होतो. आणि किडे आणल्या आणल्या देऊ नका, एक-दोन दिवस त्यांनाच चांगलं खायला घाला, गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा. किड्याच्या पोटात जे आहे तेच शेवटी पिल्लाच्या पोटात जाणार.

एवढं सगळं करून पण कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषलं जायला व्हिटॅमिन डी३ पाहिजे, आणि ते हा प्राणी मुख्यतः कातडीत तयार करतो. कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो, त्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटमधल्याच एका प्रकारचे, किरण पडले की त्याचं प्री-व्हिटॅमिन डी३ होतं. गंमत इथं आहे, की या प्री-व्हिटॅमिनचं खरं डी३ व्हायला प्रकाश लागत नाही, ऊब लागते. अंग थंड असेल तर ही दुसरी पायरी रेंगाळते. मग ते डी३ आधी यकृतात, नंतर मूत्रपिंडात बदलून कामाला येतं. म्हणजे यूव्हीबीचा दिवा आहे पण ऊब नाही तर काम अर्धवट, ऊब आहे पण यूव्हीबी नाही तर कामाला सुरुवातच नाही.

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालतं का? नाही. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, पिल्लू उन्हात मस्त डोळे मिटून बसलेलं दिसतं आणि मिळते फक्त ऊब. आणि आपल्याकडं बाळाला कोवळ्या उन्हात धरायची पद्धत आहे ना, ते कोवळं ऊन पण या कामाला कमी पडतं, सूर्य खाली असताना किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात आणि यूव्हीबी वाटेतच गळतं. सूर्य वर आला की खरं ऊन. बाहेर काढायचं तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली करून, आणि समोर बसून, घारी आणि मांजरं दोन्ही टपलेली असतात. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, काही मिनिटांत भट्टी होते.

आता तुम्ही म्हणाल, गच्चीत एवढं ऊन आहे तर दिवा कशाला घ्यायचा? जूनमध्ये कळतं. एकदा पाऊस लागला की आठवडे आठवडे सूर्याचं तोंड दिसत नाही, पंचगंगेचं पाणी चढत असतं, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, आणि हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर. या प्राण्याला पाहिजे साधारण ३० ते ४० टक्के. त्यामुळं लांब ट्यूबचा यूव्हीबी दिवा लागतोच, आणि तो दिसायला चालू असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातलं यूव्हीबी उतरतं, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायचा. दिवा आणि पिल्लू यांच्या मध्ये बारीक जाळी असेल तर बराच यूव्हीबी तिथंच अडतो हे पण लक्षात ठेवा.

उबेचं गणित असं, शेकायच्या दगडाचं तापमान पिल्लासाठी ३८ ते ४२ अंश, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला २५-२७ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तसं इकडून तिकडं जाता येतं. थंड रक्ताचा प्राणी, पोटातले पाचक रस उबेवर चालतात. संध्याकाळी दिवे बंद व्हायच्या अगदी आधी पोटभर किडे घातले तर ते रात्रभर पोटात तसेच पडून राहतात, म्हणून शेवटचं खाणं दिवे बंद व्हायच्या दीड-दोन तास आधी. आणि पावसात लाईट गेली तर? २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक भागात दिवसेंदिवस लाईट नव्हती. अशा वेळी खायला घालू नका. उपाशी पिल्लू दोन दिवस काढेल, पण थंड पोटात कुजणारे किडे जास्त वाईट. लाईट आली, टाकी तापली, पिल्लू हलायला लागलं की मग थोडं थोडं.

पाल्याचं म्हणाल तर आपली मंडई पुष्कळ कामाची आहे. शेवग्याचा पाला एक नंबर, कॅल्शियम भरपूर. जास्वंदीची कोवळी पानं आणि फुलं, किसलेला लाल भोपळा, दोडका, थोडी मेथी, हे फिरवून फिरवून. पालक, चुका, माठ यांच्यात ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियमला पकडून ठेवतं आणि मग ते कॅल्शियम शोषलंच जात नाही, म्हणून या भाज्या रोज नकोत. अळू तर अजिबात नको, त्यातल्या सुया आपल्याच घशाला टोचतात, त्याचं काय होईल! अ‍ॅव्होकॅडो विषारी. दूध, भात, भाकरी, तांबड्या रश्शातला मटणाचा तुकडा, हे प्रेमाने कुणी पुढं करत असेल तर हात जोडून नको म्हणा. पिल्लं सुरुवातीला पाल्याकडं ढुंकून बघत नाहीत, तरी सकाळी भूक असताना बारीक चिरून आधी पालाच ठेवायचा, हळूहळू सवय लागते.

फुकटचे किडे पण नकोत. उसाच्या फडातले नाकतोडे दिसायला टपोरे असतात, पण फडावर काय काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि सगळ्यात घातक, काजवा. वळवाचे दोन पाऊस झाले की राधानगरी-दाजीपूरला काजवे बघायला आपली झुंबड उडते, कुणीतरी बरणीत भरून आणतोच. काही काजव्यांच्या अंगात ल्युसिबुफाजिन नावाचं विष असतं, भेकाच्या विषाच्या जातकुळीतलं, थेट हृदयावर काम करणारं. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पाळीव बिअर्डेड ड्रॅगन काजवे खाऊन मेल्याची नोंद छापली आहे, आणि एवढ्या प्राण्याला एक काजवासुद्धा पुरतो. आपला काजवा त्याच जातीचा नसेल, पण ही परीक्षा आपल्या पिल्लावर कशाला घ्यायची?

पाणी भांड्यात ठेवलं तरी बऱ्याच पिल्लांना ते पाणी आहे हे कळतच नाही, नाकावर थेंब पडला की मात्र लगेच चाटतात. सकाळी पाल्यावर आणि तोंडावर थोडं पाणी शिंपडा, पावसाळ्यात टाकीत मात्र शिंपडू नका, आधीच ओल कमी आहे का! विष्ठेतला पांढरा भाग पिवळा आणि खडखडीत दिसला तर पाणी कमी पडतंय. आठवड्याला एकदा वजन करा, गुजरीत सोनं तोलतात तसला ग्रॅमचा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो. पिल्लाचं वजन वाढायला पाहिजे, थांबलं तर आधी दगडाचं तापमान आणि दिव्याची तारीख बघा, मग किड्यांकडं वळा.

आणि हो, घ्यायच्या आधी कागदपत्रं. काही विदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, या जनावराला लागते का ते वनविभागात विचारा, विकणाऱ्यावर विसंबू नका. "त्यापेक्षा आपली घोरपडच पाळतो की" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावला तर तुरुंगाची वारी होईल.