लॉस ऑफ सिग्नल (एलओएस) अलार्म

एलओएस म्हणजे ऑप्टिकल कार्डाच्या रिसीव्हरला ओळखता येण्याइतका उजेडच मिळत नाहीये असं सांगणारा अलार्म. एसडीएच आणि डीडब्ल्यूडीएम (टेलिकॉम कंपन्यांच्या फायबरवरच्या यंत्रणा), घरच्या फायबर इंटरनेटचा मोडेम, सगळीकडे तो दिसतो आणि घरी तर नुसता लाल दिवाच लागतो. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, हा अलार्म उजेड कुठे पोचला नाही ते सांगतो, कुठे तुटला ते नाही.

समजा पुणे-सातारा-कराड अशी लाइन आहे आणि पुण्याहून साताऱ्याला जाणारी एक फायबर जेसीबीने उडवली (रस्त्याचं काम चालू असलं की हे ठरलेलंच). साताऱ्याला एलओएस येतो, सातारा पुढे सगळे १ भरून पाठवतो म्हणून कराडला एआयएस (मागे कुठेतरी बिघाड आहे असा इशारा) येतो, आणि पुण्याला उलट निरोप म्हणून आरडीआय येतो. एनओसीच्या (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या) स्क्रीनवर शेकडो ओळी लाल होतात पण मूळ अलार्म एकच, बाकी सगळी त्याची पिल्लं. कराडचा माणूस उगाच कार्ड काढून बघत बसतो, त्याच्याकडे काहीच बिघडलेलं नसतं. पुण्याच्या माणसानेही स्वतःचा रिसीव्ह तपासायचा नाही, आरडीआय म्हणजे तुमचा पाठवलेला उजेड समोर पोचत नाहीये.

घोळ होतो तो ऑटोमॅटिक लेझर शटडाऊन चालू असेल तर. एलओएस आला की ते कार्ड सुरक्षेसाठी स्वतःचाही लेझर बंद करतं, मग पुण्यालाही एलओएस, आणि सगळे म्हणतात दोन्ही फायबर गेल्या. खरं तर एकच गेलेली असू शकते.

एलओएफ (लॉस ऑफ फ्रेम) वेगळा. त्यात उजेड असतो पण फ्रेम (डेटाचा ठरलेला गठ्ठा) सापडत नाही. एसटीएम-१ असो की एसटीएम-१६ (एसडीएचचे वेगवेगळे स्पीड), फ्रेम १२५ मायक्रोसेकंदाची, तिच्या सुरुवातीला ए१ आणि ए२ हे ठरलेले बाइट, ते ३ मिलिसेकंद नीट सापडले नाहीत की एलओएफ. चुकीच्या स्पीडच्या पोर्टात पॅचकॉर्ड घातली तरी हाच येतो, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

तपासताना पहिला पॉवर मीटर, कार्ड रीसेट नाही. मीटर लावायलाही फायबर काढावी लागते, म्हणून त्याआधी ट्रॅफिक कुठल्या वाटेने चालू आहे ते बघा, रिंग (एक वाट तुटली की ट्रॅफिक दुसरीकडून वळवणारी जोडणी) असेल तर चालू असलेली फायबर हातात यायची. एसटीएम-१६ च्या लांब पल्ल्याच्या एल-१६.२ कार्डाला उणे २८ डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे उजेडाच्या ताकदीचं माप) चालतं, आणि उणे ९ च्या वर गेलं की रिसीव्हर दबतो. म्हणजे कमी उजेड वाईट तसा जास्तही वाईट. याच कारणाने ओडीएफवर (फायबर जोडायच्या चौकटीवर) लूप देताना, म्हणजे कार्डाचा उजेड त्याच्याच रिसीव्हरला फिरवताना, अ‍ॅटेन्युएटर (उजेड कमी करणारा तुकडा) लावावाच लागतो, ते कार्ड पाठवतंच उणे २ ते अधिक ३ डीबीएम, सरळ लूप दिला तर टेस्ट फसते आणि कधीकधी रिसीव्हरही जातो. लूप देऊन अलार्म गेला तर कार्ड ठीक, दोष बाहेर. नाही गेला तर आधी कनेक्टर पुसा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब बसला की अजून वाईट. आणि टोकात डोकावून तर अजिबात बघायचं नाही, १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करतो.

बाहेरचा दोष ओटीडीआरने (फायबरमध्ये उजेड सोडून दोष किती अंतरावर ते सांगणाऱ्या मशीनने) शोधतात. १५५० वर लॉस (उजेडाची घट) मोठा आणि १३१० वर किरकोळ दिसला तर फायबर कुठेतरी मुडपलीय, दोन्हीकडे सारखाच असेल तर बहुतेक सांधा खराब. मशीन १८.४ किमी म्हणालं तर रस्त्यावर तेवढं मोजत जाऊ नका, सांध्याच्या खड्ड्यांत गुंडाळून ठेवलेली केबलही त्यात धरलेली असते, तुट त्याच्या अलीकडेच सापडते.

घरचा लाल दिवा लागला की लोक मोडेम चारदा बंद-चालू करतात, त्याआधी कपाटामागे बारीक पिवळी वायर दबलीय का बघावं.

स्प्लाइस झाली (तुटलेली फायबर जोडली), अलार्म गेला, तरी ट्रॅफिक मूळ फायबरवर लगेच येत नाही, वेट-टू-रिस्टोअर टायमर असतो, बहुतेक ठिकाणी ५ मिनिटं किंवा जास्त. तेवढ्यात परत हात घातला तर टायमर पहिल्यापासून सुरू.