पटेलांची मोटेल आणि मेक्सिकोतला पाऊस

‘धंदा गुजराती माणसाच्या रक्तातच असतो’ हे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या पटेलांच्या मोटेलांकडे, म्हणजे हायवेकाठच्या छोट्या हॉटेलांकडे, बोट दाखवले जाते. रक्ताचा इथे काडीचाही संबंध नाही. ही समजूत सोडली तरच खरी यंत्रणा दिसते.

१९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकी नागरिकाला भावंडांना बोलावून घेणे सोपे झाले. आलेला भाऊ ऑफिसमागच्या खोल्यांत सहकुटुंब राहायचा, म्हणजे घरभाडे वाचले. चादरी धुणे, खोल्या झाडणे, रात्रीचे काउंटर घरच्यांनीच सांभाळायचे, म्हणजे पगारही वाचले. काम अंगवळणी पडले की स्वतःचे मोटेल घ्यायचे: सुरुवातीची रक्कम नातेवाइकांकडून हातउसनी, उरलेली बऱ्याचदा जुन्या मालकालाच हप्त्यांनी. पैसे बुडवले तर नाव थेट गुजरातेतल्या गावापर्यंत खराब, हेच तारण.

मात्र दुसरे मोटेल चुलत्याच्या शेजारी काढून चालत नाही, गिऱ्हाईक तेच. म्हणून पुढचा माणूस हायवेवरच्या पुढच्या गावात गेला आणि पटेल देशभर विखुरले. उलट किराणा, साड्या, दागिने यांना आपलीच माणसे गिऱ्हाईक म्हणून लागतात. त्यामुळे न्यू जर्सीत एडिसन गावासारखी दाट वस्ती झाली. ओळखीचे जाळे माणसे गोळाही करते आणि पांगवतेही. काय होणार हे धंद्यावर ठरते.

आता खरी अडचण. एखाद्या शहरात गाववाले पुष्कळ आहेत आणि नवख्याला नोकरीही चटकन मिळते. हे ओळखीमुळे, की शहरातच कामे मुबलक आहेत म्हणून? मुबलक कामांमुळे गाववाले आणि नोकऱ्या दोन्ही वाढतील, ओळखीचा हात नसला तरी.

अर्थशास्त्रज्ञ कैवन मुन्शी यांनी २००३ साली यावर काढलेली तोड फार सुंदर आहे. मेक्सिकोतल्या गावात पाऊस कमी झाला की शेती बसते आणि जास्त लोक अमेरिकेत जातात. मात्र त्या गावातल्या पावसाने अमेरिकेतल्या कामांची संख्या बदलत नाही. म्हणजे गाववाल्यांच्या संख्येतला फक्त पावसामुळे झालेला चढउतार वेगळा काढायचा आणि तेवढ्यानेच नोकरीत फरक पडतो का ते पाहायचे. गावागावांत मुळातच फरक असतात, म्हणून तुलना एका माणसाची दुसऱ्याशी नाही. त्याच माणसाची, वेगवेगळ्या वर्षांतली.

फरक पडला. जाळे मोठे असताना काम मिळण्याची शक्यता वाढली, आणि शेतमजुरीऐवजी जास्त पगाराची कामे मिळू लागली. पण उपयोग झाला तो तीन किंवा जास्त वर्षे तिथे असलेल्यांचा. नुकतेच आलेले स्वतःच काम शोधत असतात, त्यांची शिफारस मुकादम कशाला ऐकेल? त्यामुळे दुष्काळाचा परिणाम नोकऱ्यांवर दिसतो तो लगेच नाही, काही वर्षांनी.