मे महिन्याची सुट्टी आणि ‘हमखास’ नॉर्दर्न लाइट्स

सांगली-साताऱ्याकडे सहलींच्या जाहिरातींत हल्ली ‘नॉर्दर्न लाइट्सचे हमखास दर्शन’ (म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या काळोख्या आकाशात उमटणाऱ्या प्रकाशपट्ट्यांचे) असे आश्वासन वाचायला मिळते, आणि मुलांना सुट्टी असते म्हणून बहुतेक कुटुंबे चौकशी करतात ती मे महिन्याची. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही आणि त्याआधीचे काही आठवडेही रात्र पुरती काळोखी होत नाही. सप्टेंबरअखेर ते मार्च हा खरा हंगाम. त्या दृष्टीने दिवाळीची सुट्टी सोयीची आहे.

‘हमखास’ हा शब्द मात्र कोणत्याच महिन्याला लागू पडत नाही. सूर्यापासून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा सौरवारा सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने चारेक दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो आणि येताना सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही सोबत वाहून आणतो. पृथ्वीच्या सूर्याकडील बाजूस तिच्या स्वतःच्या क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असते. सौरवाऱ्यातील क्षेत्रही उत्तराभिमुख असेल, तर वारा बराचसा बाजूने निघून जातो. ते दक्षिणाभिमुख असेल, तर विरुद्ध दिशांच्या बलरेषा तुटून एकमेकींशी नव्याने जोडल्या जातात. यालाच चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. जोडल्या गेलेल्या रेषांना वारा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूस खेचत नेतो, तेथील लांबलचक चुंबकीय पुच्छात ऊर्जा साठत जाते आणि ताण असह्य झाला की तेथेही पुनर्जोडणी होते. त्यातून मोकळ्या झालेल्या ऊर्जेने वेग मिळालेले इलेक्ट्रॉन बलरेषांवरून ध्रुवाभोवतीच्या कड्याकृती पट्ट्यात उतरतात आणि शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंना 557.7 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश द्यायला लावतात. सूर्यावरचे कण थेट ध्रुवांवर येऊन आदळतात, हे सर्रास सांगितले जाणारे वर्णन त्यामुळे अपुरे ठरते.

क्षेत्राची ही दिशा खात्रीने कळते ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर असलेल्या एल-1 या बिंदूपाशी, जेथे आपले आदित्य-एल1 यानही चुंबकमापक घेऊन फिरते आहे. तेथून इकडे यायला वाऱ्याला जेमतेम तासभर लागतो. वादळी वारा त्याहूनही लवकर पोहोचतो. सहा महिने आधी आगाऊ रक्कम घेणाऱ्याला ती दिशा ठाऊक असणे अशक्य आहे.

ट्रॉम्सो त्या प्रकाशपट्ट्याच्या खालीच असल्याने तेथे लहानसा चुंबकीय क्षोभही पुरतो आणि खरी अडचण होते ती समुद्रावरून येणाऱ्या ढगांची. महाबळेश्वर पावसात बुडालेले असताना माण तालुका कोरडा राहतो, त्याच कारणाने डोंगरांच्या पलीकडचे स्वीडनमधील आबिस्को बरेचदा निरभ्र असते. एकाच गावी दोन रात्री काढण्यापेक्षा या दोन ठिकाणी मिळून पाच-सहा रात्री राखाव्यात. आकाश निरभ्र असेल तर पौर्णिमेची रात्र टाळण्याचे कारण नाही. चांदण्यात मंद पट्टे पुसट होतात, पण ठळक पट्टे तेव्हाही दिसतात.