एक्स-रे डोस मोजायची मटेरियलं

एक्स-रे, सीटी, कॅथलॅब (हृदयाच्या नळ्यांची एक्स-रेखाली तपासणी करतात ती खोली) अशा ठिकाणी अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजायला जे पदार्थ वापरतात, त्यांची ही तुलना. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो की डिचोली-फोंड्यातल्या छोट्या क्लिनिकात, एक्स-रे टेक्निशियनच्या छातीवर जो क्लिपवाला टीएलडी बॅज (तापवून प्रकाशावरून डोस मोजायचा बिल्ला) असतो, त्याचं सगळं काम ह्याच मटेरियलवर चालतं.

आपल्या देशातला नेहमीचा बॅज भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवला. आत निकेलचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यात तीन गोल चकत्या, प्रत्येक १३.३ मिमी व्यासाची आणि जेमतेम ०.८ मिमी जाड. चकती टेफ्लॉनची, त्यात डिस्प्रोसियम नावाचा धातू किंचित घातलेलं कॅल्शियम सल्फेट. किरण पडले की थोडी एनर्जी क्रिस्टलमधे अडकून राहते, तीन महिन्यांनी लॅबमधे गरम नायट्रोजन सोडून चकती तापवली की तीच प्रकाश होऊन बाहेर पडते आणि तो प्रकाश मोजून डोस काढतात.

आता खरी गोम अशी की एक्स-रेची एनर्जी कमी असते, आणि तिथं पदार्थाचा अणुक्रमांक जरा वाढला तरी किरण शोषणं भराभर वाढतं. आपल्या स्नायू-मांसाचा सरासरी अणुक्रमांक साधारण ७.४, लिथियम फ्लोराइडचा ८.२, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा ११ च्या वर आणि कॅल्शियम सल्फेटचा १५ च्या आसपास, म्हणून ३० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, किरणांची एनर्जी मोजायचं एकक) च्या आसपास कॅल्शियम सल्फेट जास्त एनर्जीच्या गॅमा किरणांच्या मानानं दहापट वगैरे जास्त डोस दाखवतं. मग ते वापरायचंच कशाला? कारण ते साध्या लिथियम फ्लोराइडपेक्षा कितीतरी सेन्सिटिव्ह आहे, अगदी थोडा डोससुद्धा पकडतं, आणि देशात बनवायला सोपं. जास्त दाखवण्यावर उपाय बॅजमधेच केलाय: एका चकतीवर अ‍ॅल्युमिनियम-तांब्याचा फिल्टर, दुसरीवर प्लास्टिक, तिसरी उघडी, तिन्हींच्या रीडिंगमधला फरक बघून किरण कुठल्या एनर्जीचे होते ते कळतं आणि दुरुस्ती करता येते. स्टाफच्या बॅजसाठी ही निवड मला एकदम बरोबर वाटते.

पेशंटच्या कातडीवरचा डोस मोजायचा असेल तर मात्र लिथियम फ्लोराइडच घ्यावं, मांसाच्या जवळचं, आणि बारीक चिप असल्यामुळं फोटोत फारशी आड येत नाही.

ओएसएल ही डोस मोजायची दुसरी पद्धत वेगळी, त्यात तापवायच्या ऐवजी प्रकाश मारून रीडिंग घेतात. कार्बन घातलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा बेरिलियम ऑक्साइड वापरतात, फायदा हा की तेच रीडिंग परत घेता येतं, पण उजेड लागला की सिग्नल जातो म्हणून झाकून ठेवावं लागतं. बेरिलियमवालं मांसाच्या अगदी जवळ, अणुक्रमांक ७.२.

जुने फिल्म बॅज (आत फोटोची फिल्म असलेले) आपल्या किनाऱ्यावर त्रासाचेच. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि ओल-उष्णता लागली की फिल्मवरची नोंद बिघडते. टेफ्लॉनच्या चकतीला दमटपणाचं तेवढं काही नाही.

बॅज लेड अ‍ॅप्रनच्या (किरण अडवायला घालतात त्या शिशाच्या अ‍ॅप्रनच्या) आत, छातीवर लावायचा. अ‍ॅप्रन काढून खुंटीला अडकवताना बॅज त्यालाच राहिला आणि खोलीत दिवसभर मशीन चालू राहिलं, तर खुंटीवर पडलेला डोस त्या टेक्निशियनच्या नावावर लागतो आणि त्याच्या वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टच्या (मिलिसीव्हर्ट हे डोसचं एकक) मर्यादेच्या हिशोबात धरला जातो.