करडई : मराठवाड्यातील आहार आणि औषधी उपयोग

करडई (कार्थॅमस टिंक्टोरियस; कुल–कंपॉझिटी; सं. कुसुंभ) हे सूर्यफुलाच्या कुळातील, रब्बी हंगामात घेतले जाणारे तेलबियांचे पीक. मराठवाड्यात बोलताना तिला करडी म्हणतात. परभणी, बीड, लातूर, धाराशिव, जालना भागातल्या काळ्या जमिनीत ती पूर्वापार पेरली जाते. कोवळी पाने, बियांचे तेल आणि फुलांच्या पाकळ्या हे तिचे तीन उपयोगी भाग. पाने आणि तेल इथल्या जेवणात पक्के रुजले. पाकळ्या मात्र बहुतेक शेतातच वाळून गळतात. औषधी म्हणून जगात मोल आहे ते नेमके पाकळ्यांना.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरलेली करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. तिचे सोटमूळ खोल जाऊन परतीच्या पावसाची मुरलेली ओल उचलते, त्यामुळे वरून पाणी न देताही पीक हाती लागते. ज्वारीत मधूनमधून तिची तासे (ओळी) घालायची आणि शेताच्या कडेनेही ती पेरायची, ही जुनी पद्धत. काट्यांमुळे जनावर आत शिरायला धजत नाही. तेच काटे काढणीच्या वेळी माणसाला छळतात. म्हणून काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना, हाताला फडके गुंडाळून करतात.

भाजीचा हंगाम थोडा असतो. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत विरळणी होते, तेव्हा उपटलेली रोपे घरी येतात. पानांच्या कडेला काटा धरण्याआधीची ही पाने लुसलुशीत असतात. चव किंचित तुरट. पाने बारीक चिरून, तेलात भरपूर लसूण आणि हिरवी मिरची परतून, भिजवलेली मुगाची डाळ घालून ती वाफेवर शिजवतात. काही घरांत डाळीऐवजी ज्वारीच्या कण्या घालतात, त्याने भाजी दाट होते आणि पोटभर होते. कोवळी पाने कच्चीही खातात: चिरलेला कांदा, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चे तेल घालून कालवली की घोळाणा तयार. या भाजीला ज्वारीची भाकरीच लागते. चपातीबरोबर तिची निम्मी गोडी जाते. हिरव्या पालेभाज्यांतून मिळणारे लोह, कॅल्शियम आणि कॅरोटीन तिच्यातूनही मिळते, आणि तेही शेतकऱ्याच्या घरी विरळणीच्या कामातून, वेगळा खर्च न होता.

बियांत साधारण २८ ते ३५ टक्के तेल असते. घाण्याचे तेल फिकट पिवळे. फोडणीला ते वापरतातच. पण त्याची खरी गोडी शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या चटणीवर कच्चे घेतल्यावर कळते. या तेलात लिनोलेइक आम्ल (एक असंपृक्त मेदाम्ल) ७० टक्क्यांहून अधिक आणि संपृक्त मेद १० टक्क्यांच्या आसपास असतो. अशा घडणीमुळे ते लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडे काढून आणावे आणि तळणीसाठी तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. शेजारच्या उत्तर कर्नाटकात बिया भिजवून, वाटून, गाळून त्यांचे दूध काढतात आणि ते गव्हाच्या खिरीत घालतात.

दुखऱ्या सांध्यांना करडईचे तेल चोळणे हा खेड्यांतला नेहमीचा उपाय. बिया जाळून काढलेले काळे, चिकट तेल जखमांवर लावत. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटेचे चामडे आणि दोर पाण्याने कुजू नयेत म्हणूनही तेच वापरात होते. आयुर्वेदाचे मत मात्र या तेलाबाबत कडक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अहितकर पदार्थांची यादी येते, तिथे वनस्पतिज स्नेहांत, म्हणजे स्निग्ध पदार्थांत, कुसुंभाच्या तेलाला सर्वांत अहितकर ठरवले आहे. याउलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तेल ‘हृदयासाठी चांगले’ म्हणून शहरांत पोचले. ते रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करते, हे खरे. पण १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर झालेल्या प्रयोगाची आकडेवारी २०१३ मध्ये पुन्हा तपासली गेली, तेव्हा संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. त्या एका प्रयोगावरून तेल वाईट ठरत नाही. पण ते औषध समजून पिणे चूक आहे. स्वयंपाकातल्या इतर तेलांबरोबर, बेताने, हाच त्याचा योग्य वापर.

फूल उमलताना पिवळे असते आणि कोमेजताना केशरी-लाल होते. पाकळ्यांत दोन रंगद्रव्ये असतात: पाण्यात विरघळणारे पिवळे आणि अल्कलीत विरघळणारे लाल कार्थॅमिन. कुसुंबी कापड याच लाल रंगाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि हा धंदा बसला. चिनी वैद्यकात वाळलेल्या पाकळ्या ‘होंगहुआ’ नावाने रक्ताभिसरणासाठी, अडलेल्या मासिक पाळीसाठी आणि मुक्या मारासाठी देतात. या गुणामुळेच गरोदर स्त्रियांनी त्या घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकळ्यांचा काढा किंवा चहा घेऊ नये. झेंडू-शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

स्वयंपाकात चिमूटभर पाकळ्या भाताला किंवा शिऱ्याला सुंदर रंग देतात. केशराचा सुगंध त्यांत नाही. केशर म्हणून त्या विकल्या जातात, ही फसवणूकच. पाण्यात भिजवल्यावर करडईची पाकळी नळीसारखी, टोकाला पाच फाट्यांची दिसते. केशराची काडी टोकाकडे कर्ण्यासारखी रुंदावते.

पाकळ्या काढण्यासाठी फुले कोमेजू लागेपर्यंत थांबतात. तोवर फलधारणा झालेली असल्याने दाण्याचे उत्पन्न घटत नाही. अडचण काट्यांची आणि मजुरीची. सोयाबीननंतर हरभरा ही जोडी सोपी पडल्याने करडईचे क्षेत्र आधीच खूप आटले आहे. उशिरा पेरले तर मावा ही कीड पिकाची धूळधाण करते, तेही एक कारण. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा वाण आणि ‘पीबीएनएस-४०’ हा बिनकाटेरी वाण दिला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाटेरी संकरित वाण तयार केला. बिनकाटेरी पिकात पाकळ्या उघड्या हातांनी वेचता येतात. तेलाबरोबर पाकळ्यांचेही पैसे व्हायचे, तर पेरणी याच वाणांची करायला हवी.